मिरची खुडणारे हात

मागच्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. आमच्या गॅलरीत एका कुंडीत लवंगी मिरचीचं झाड आहे. आयटीतल्या माणसाने लावलेलं झाड साधारण जेवढं जगतं त्यापेक्षा ते बरंच जास्त जगलंय. त्या दिवशी त्याच्यावरच्या साठ-सत्तर मिरच्या लालभडक झाल्या होत्या. म्हटलं, चला, आज आपल्या शेतातलं पीक काढू. भराभर खुडल्या, देठं काढली, निम्म्या उभ्या चिरून मिठात घातल्या आणि निम्म्या ताटात वाळत टाकल्या. बायको म्हणाली, "हात नीट धू रे." धुतले की! एकदा नाही, दोनदा, साबण लावून. मग जेवलो, एक सिनेमा पाहिला आणि झोपायच्या आधी डोळ्यातल्या लेन्स काढायला आरशासमोर उभा राहिलो.

पुढच्या अर्ध्या तासाचं वर्णन करत नाही. शेजाऱ्यांनी बेल वाजवून "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं, एवढंच सांगतो. :)

दुसऱ्या दिवशी आईला फोनवर ही शौर्यकथा सांगितली. तिचा पहिला प्रश्न, "आधी हाताला तेल लावलं नव्हतंस का?"

"तेल कशाला?"

"मिरच्यांना हात घालायच्या आधी लावतात. आणि नंतर डाळीच्या पिठाने चोळून धुवायचे हात."

"पण का?"

"का म्हणजे? लावतात!"

आता 'लावतात' या उत्तरावर गप्प बसेल तो प्रोग्रॅमर कसला. एखाद्या जुन्या सिस्टीममध्ये कुणीतरी एक विचित्र ओळ लिहून ठेवलेली असते. बाजूला कॉमेंट नाही, डॉक्युमेंटेशन नाही, लिहिणारा कंपनी सोडून गेलेला. ती ओळ काढली की मात्र सगळं कोसळतं. आईचं तेल मला त्या ओळीसारखं वाटलं. मग दोन वीकांत खर्ची घालून या 'का' च्या मागे लागलो. जे हाती आलं ते भन्नाट होतं, म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात मिरचीच्या माहेरापासून करायला हवी. मिरची मूळची आपली नाही हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. तिचं माहेर अमेरिका खंड. एक्वाडोरमध्ये उत्खननात सापडलेल्या भांड्यांवर आणि दगडी पाट्यांवर मिरचीतल्या स्टार्चचे सूक्ष्म कण मिळाले, ते सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे तिथल्या माणसांचा आणि मिरचीचा संसार किमान सहा हजार वर्षांचा. इतक्या वर्षांत त्यांना मिरचीचे सगळे गुण-अवगुण पाठ झाले असणार यात नवल नाही. मिरची तोंडाबाहेरही तितकीच प्रभावी आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १५४१ च्या आसपास मेक्सिकोत तयार झालेली 'कोडेक्स मेंडोसा' नावाची एक सचित्र पोथी आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. अझ्टेक लोकांच्या रोजच्या जगण्याची चित्रं तिच्यात आहेत. त्यातल्या एका पानावर अकरा वर्षांच्या मुलाला त्याचा बाप शिक्षा म्हणून मिरच्यांच्या धुरावर धरतोय असं चित्र आहे. आपल्याकडे फोडणीत मिरची जळली की घरभर खाट सुटते आणि सगळे खोकत गॅलरीत पळतात. तीच खाट, पण मुद्दाम. चित्र बघून माझं बालपण अचानक फारच लाडाकोडात गेल्यासारखं वाटायला लागलं.

मग कोलंबस आला. तो निघाला होता काळ्या मिऱ्यांच्या शोधात, पोचला भलतीकडेच. १५ जानेवारी १४९३ च्या त्याच्या नोंदीत 'अही' नावाच्या एका पदार्थाचा उल्लेख आहे. ही इथल्या लोकांची मिरी असून ती आपल्या मिरीपेक्षा मोलाची आहे, अशा अर्थाचं त्याने लिहिलंय. इथेच सगळ्या घोळाची सुरुवात झाली. मिरची आणि मिरी या दोन वनस्पतींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. मिरी हा वेल आणि मिरची ही टोमॅटो-वांग्याची चुलत बहीण. पण तिखट म्हणजे मिरी, एवढंच युरोपला माहीत. त्यामुळे इंग्रजीत दोघींना आजही एकच नाव आहे. आपण तरी काय वेगळं केलं म्हणा? 'मिरी' वरूनच 'मिरची' केली.

पुढे पोर्तुगीजांनी मिरची भारतात आणली. १५१० मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेला. ब्राझील, आफ्रिका आणि गोवा अशा त्यांच्या जहाजांच्या फेऱ्या चालत, त्यातून ती इथे उतरली आणि किनाऱ्याने पसरली. मुंबईकडे तिला एकेकाळी 'गोवाई मिरची' म्हणत, म्हणजे ती कुठून आली याची पावती नावातच. आणि पसरली किती झपाट्याने, तर १५४२ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्स याने आपल्या ग्रंथात मिरचीचं सुंदर चित्र छापलं आणि खाली नाव दिलं 'कालिकतची मिरी'! मिरचीचं माहेर भारतच, असं युरोपातल्या विद्वानांना पन्नास वर्षांच्या आत वाटायला लागलं होतं.

आता इथे जरा थांबून एक विचार करून बघा. मिरची आपल्याकडे मिरीची बदली म्हणून आली. स्वस्त होती, कुठेही उगवत होती, परसात एक झाड लावलं तरी घरापुरतं भागत होतं. पण मिरी हाताळताना कोणी हाताची काळजी करत नाही. वाळलेले टणक दाणे, मुठीत घ्या नाहीतर खिशात टाका. मिरचीचं तसं नाही. ती खुडायची, देठं काढायची, चिरायची, वाळवायची, कुटायची, आणि प्रत्येक पायरीवर ती डसणार. आमच्या भाषेत सांगायचं तर जुनं मोड्यूल काढून नवं टाकलं, इनपुट-आउटपुट सारखंच दिसतंय, पण साइड इफेक्ट्स भलतेच. आणि सोबत मॅन्युअल नाही. अमेरिकेतल्या लोकांचं हजारो वर्षांचं शहाणपण काही जहाजातून आलं नाही, आल्या त्या फक्त बिया.

म्हणजे मिरची कशी हाताळायची हे आपल्याकडच्या लोकांना पहिल्यापासून स्वतःच शोधावं लागलं. लोकांना म्हणजे कुणाला, हे वेगळं सांगायला नको. देठाला धरून खुडायची, मिरचीला पिळायचं नाही. तेलाचा हात फिरवायचा. ठेचा हाताने न कालवता वरवंट्याने किंवा तांब्याच्या बुडाने रगडायचा. उन्हाळ्यात मिरच्या कुटायला बसलं की तोंडा-नाकाला पदर बांधायचा, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसायचं, आणि तान्हं मूल असलेल्या बाईला त्या दिवशी त्या कामाला हात लावू द्यायचा नाही. हे सगळं लहानपणी आजोळी बघितलेलं. त्यातलं एकही वाक्य कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळं 'लावतात', 'बसतात' आणि 'धरतात' मध्ये.

दरम्यान प्रयोगशाळांमध्ये काय चाललं होतं? तिकडचा शोध सुरू झाला १८१६ मध्ये. बुखोल्ट्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मिरचीतला तिखट अर्क वेगळा काढला. १८७६ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ थ्रेश याने तो जवळजवळ शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळवला आणि त्याला नाव दिलं 'कॅप्सायसिन'. १९१९ मध्ये नेल्सन याने त्याची रचना बऱ्यापैकी उलगडली. आईच्या तेलाचं निम्मं उत्तर या रचनेत आहे. कॅप्सायसिनच्या रेणूचं एक टोक व्हॅनिलाच्या सुगंधी रेणूशी नातं सांगणारं आहे (हो, तेच आइस्क्रीममधलं व्हॅनिला!) आणि दुसऱ्या बाजूला कार्बनची लांबलचक शेपटी. ही शेपटी पाण्याशी अजिबात जमवून घेत नाही, तेलात मात्र लगेच विरघळते. म्हणजे नळाखाली नुसते हात धरून मी काय केलं, तर बोटाला लागलेलं कॅप्सायसिन व्यवस्थित तळहातभर पसरवलं. साबणाने वरवरचं गेलं असेल, पण नखांच्या कडेला आणि बोटांच्या रेषांमध्ये बसलेलं तिथेच राहिलं.

पण मग दिवसभर हाताला काहीच कसं जाणवलं नाही? कारण तळहाताची आणि बोटांची कातडी जाड असते. कॅप्सायसिन तिच्यातून हळूहळू झिरपतं आणि मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. कधी काही मिनिटं, कधी काही तास. डोळ्याला असलं काही कवच नाही. हात 'स्वच्छ' वाटणं आणि हात स्वच्छ असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा मी दोन्ही डोळ्यांनी शिकलो.

मधल्या काळात, १९१२ मध्ये, अमेरिकेतल्या एका औषध कंपनीत विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञाने तिखटपणा मोजायची युक्ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना विचारत राहायचं, "अजून तिखट लागतंय का?" ज्या पातळीला तिखट लागायचं थांबेल तो त्या मिरचीचा आकडा. आता हे मोजमाप यंत्रावर होतं, पण एकक अजून त्याच्याच नावाचं. हे आकडे फक्त जिभेच्या फुशारकीचे आहेत असं मला वाटायचं. पण खरं तर ते हातांच्याही कामाचे आहेत, ते कसं हे पुढे येईलच.

उरलेलं निम्मं उत्तर मिळायला १९९७ साल उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांचे सहकारी एकच प्रश्न घेऊन बसले होते: कॅप्सायसिन शरीरात नेमकं कुणाच्या दारावर टकटक करतं? त्यांनी संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जापेशींमधल्या जनुकांचे हजारो तुकडे घेतले, त्यांचे गठ्ठे केले आणि कॅप्सायसिनला दाद न देणाऱ्या साध्या पेशींमध्ये एकेक गठ्ठा घालून बघितला. ज्या गठ्ठ्याने पेशी जाग्या झाल्या त्याचे आणखी लहान गठ्ठे केले. पुन्हा तपासलं, पुन्हा वाटले. हजारो बदलांमधून एक बग शोधताना आपण अर्धं-अर्धं करत जातो ना, अगदी तसंच! शेवटी एकच जनुक हातात राहिलं. त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाला आता टीआरपीव्ही१ म्हणतात, आणि त्यातला 'व्ही' त्या व्हॅनिलाच्या नातेवाईकावरूनच आलाय. या कामासाठी ज्यूलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, स्पर्शाच्या संवेदनेवर काम करणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत.

गंमत पुढेच आहे. हे प्रथिन काही मिरचीसाठी बनलेलं नाही. त्याचं खरं काम तापमानावर लक्ष ठेवणं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, "भाजतंय, हात काढ!" कॅप्सायसिन त्याच कुलपाला लागणारी बनावट किल्ली आहे. म्हणजे मिरचीने हाताची आग होते तेव्हा हात खरोखर भाजत नसतो. आग लागलेलीच नसते, फक्त आगीची घंटा वाजत असते. पण घंटा मात्र शंभर टक्के खरी, त्यामुळे "मनावर घेऊ नकोस" वगैरे सल्ल्यांचा काही उपयोग नाही. शिवाय कॅप्सायसिन लागलेलं असताना ही घंटा नेहमीपेक्षा कमी तापमानालाही वाजायला लागते. म्हणून मिरच्या खुडलेल्या दिवशी कोमट पाण्याने आंघोळ करतानाही हात पुन्हा पेटल्यासारखे वाटतात. ही माझी शनिवारची बहुमोल संशोधनात्मक भर नसून रविवारचा अनुभव आहे.

पोपट मिरच्या मजेत कसा खातो, या बालपणीच्या कोड्याचं उत्तरही यातच सापडतं. पक्ष्यांमध्येही हे प्रथिन असतं, पण त्यांच्यात ते कॅप्सायसिनला दाद देत नाही. हे २००२ मध्ये सिद्ध झालं. त्याच्या आदल्याच वर्षी अ‍ॅरिझोनातल्या रानमिरच्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की उंदरांच्या पोटातून गेलेल्या बिया उगवत नाहीत, पक्ष्यांच्या पोटातून गेलेल्या उगवतात. थोडक्यात, मिरचीचं तिखट हे दात असलेल्यांसाठी लावलेलं 'प्रवेश बंद' आहे. ती पाटी वाचूनही आत शिरणारा आणि वर तोंडी लावणं म्हणून ताटात वाढून घेणारा प्राणी एकच.

आता हातांकडे परत येऊ. वैद्यकीय नियतकालिकांना या आगीची दखल घ्यायला बराच उशीर झाला. १९८१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये एक पत्र छापून आलं, 'हुनान हँड' या नावाने. हुनान हा चीनमधला झणझणीत जेवणासाठी प्रसिद्ध असलेला प्रांत. त्या पद्धतीच्या स्वयंपाकासाठी मिरच्या साफ करताना हाताची भयंकर आग होण्याबद्दलचं ते पत्र होतं. तेव्हापासून या त्रासाला हेच नाव चिकटलं. म्हणजे आपल्याकडे घराघरात जे चारशे वर्षं चालू होतं, त्याला अधिकृत नाव मिळालं १९८१ मध्ये!

मग १९८७ मध्ये आला माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हिरो असलेला अभ्यास. अमेरिकेतलं न्यू मेक्सिको हे राज्य म्हणजे मिरचीचं आगर. तिथे हंगामात लोकांचे हात भाजल्यासारखे होणं ही नेहमीची तक्रार. तर तिथल्या संशोधकांनी मिरचीने आग होणारे काही हात थंड पाण्यात बुडवून ठेवले आणि काही खाण्याच्या तेलात. पाण्यातल्या हातांना सुरुवातीला लवकर बरं वाटलं, पण पुढे जास्त आणि टिकाऊ आराम पडला तो तेलातल्या हातांना. वाचता वाचता मी खुर्चीतून उठलो. आईला फोन लावला आणि सांगितलं, "अगं, तुझं बरोबर होतं. अमेरिकेत सिद्ध झालंय."

"बरं झालं," ती म्हणाली. "पण पीठ लावलंस का नंतर?"

आणि तो पीठाचा मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे. तेल कॅप्सायसिन नाहीसं करत नाही, फक्त आपल्यात विरघळवून घेतं. ते तेल हातावर तसंच ठेवलं तर तुम्ही मिरचीचं मलम लावून हिंडताय. डाळीचं पीठ ते तेल शोषून घेतं आणि चोळताना सोबत घेऊन जातं. भांडी घासायचं लिक्विडही हेच काम करतं. म्हणजे 'लावतात' चे दोन भाग आहेत, आधी विरघळवा आणि मग काढून टाका. एकच भाग केला तर तो अर्धा पॅच.

हातमोज्यांचा इतिहासही असाच ठेचा खात खात पुढे गेलाय. (श्लेष अनवधानाने झाला, आता राहू दे.) २००७ मध्ये आसाम-नागालँडकडची भूत जोलोकिया जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात गेली, १०,०१,३०४ स्कोव्हिल. २०१२ मध्ये न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या मिरची संस्थेने 'त्रिनिदाद मोरुगा स्कॉर्पियन' ही जात तिच्याही पुढची असल्याचं जाहीर केलं. तिच्या काही झाडांवरच्या मिरच्या वीस लाखांच्या वर गेल्या होत्या. त्या खुडताना तिथल्या अनुभवी संशोधिका आणि दोन विद्यार्थ्यांना लॅटेक्सचे सुमारे चार-चार जोड बदलावे लागले. कॅप्सायसिन मोज्यातून आरपार जाऊन हाताला लागत होतं. मिरच्या काढताना असं पूर्वी कधीच झालं नव्हतं, असं त्या म्हणाल्या होत्या. आयुष्य मिरच्यांमध्ये घालवलेल्या माणसांची ही गत!

स्कोव्हिलचा आकडा हातांसाठीही असतो तो असा. आणि लॅटेक्स का हरलं? कारण पुन्हा तीच तेलप्रेमी शेपटी. तेलकट पदार्थांपुढे लॅटेक्स टिकत नाही, नायट्राइल टिकतं. गंमत म्हणजे औषधवाल्यांनी हे त्याआधीच लिहून ठेवलं होतं. २००९ मध्ये अमेरिकेत एका वेदनाशामक पट्टीला मान्यता मिळाली, तिच्यात ८ टक्के कॅप्सायसिन असतं. नागिणीनंतर रेंगाळणाऱ्या वेदनेवर ती लावतात. घंटा इतकी वाजवायची की शेवटी ती तारच काही काळ बधिर व्हावी, असा साधारण हिशोब. ती पट्टी लावणाऱ्या डॉक्टर-नर्सना सूचना स्पष्ट आहे: नायट्राइलचेच मोजे वापरा, लॅटेक्सने पुरेसं संरक्षण मिळत नाही.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. प्रश्न सुटला, मूळ कारण सापडलं, उपाय सापडला, तिकीट बंद करायला हरकत नाही. मग रात्री सहज आपल्याकडच्या मिरचीच्या बाजारांचे फोटो बघत बसलो आणि ते तिकीट पुन्हा उघडलं.

नंदुरबारला हंगामात गावाबाहेर मोकळ्या रानात मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. नजर पोचेल तिथवर लाल. पूर्व विदर्भात भिवापूर-कुहीकडे मिरचीचे सातरे लागतात, तिथे ढिगाभोवती बसून मजूर मिरच्यांची देठं खुडतात. आंध्रात गुंटूरला देशातला मिरचीचा सर्वांत मोठा बाजार भरतो. सगळीकडे चित्र एकच. डोक्या-तोंडाला ओढणी किंवा जुनी साडी गुंडाळलेल्या बायका, समोर मिरचीचा ढीग, आणि हात बहुतेक उघडे. माझ्या सत्तर मिरच्यांनी अर्धा तास मला रडवलं. त्या तेवढ्या मिरच्या एका मिनिटात संपवत असतील, आणि त्यांचा दिवस मिनिटात मोजत नाहीत.

मग हातमोजे का नाहीत? ज्ञान नाही म्हणून नक्कीच नाही. मिरचीने हात पेटतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही. पण देठ खुडणं हे बोटांच्या टोकांचं काम. मोजा घातला की देठाची पकड सुटते, वेग कमी होतो आणि मजुरी वजनावर असते. नायट्राइलचा मोजा दिवसभर घासून फाटतो, म्हणजे रोज नवा, आणि उन्हात त्याच्या आत घामाचं डबकं. त्याचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. आणि सवयीचं म्हणाल तर त्यामागेही विज्ञान आहे. हंगेरीचे यांचो यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं होतं की कॅप्सायसिन पुन्हा पुन्हा लावलं की तिथली वेदनेची जाणीवच मंदावते. "त्यांना सवय असते हो" असं आपण म्हणतो, तेव्हा आपण साधारण या बधिरपणाबद्दल बोलत असतो. त्या पट्टीसाठी डॉक्टर एक तास मोजून, मोजे घालून जे करतात, तेच इथे आठ-आठ तास चालतं. घंटेचा आवाज कमी झाला म्हणजे घरी जाऊन त्याच हातांनी मुलाचं तोंड पुसायची भीती कमी होत नाही.

मला यावर काही तोडगा सुचलेला नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. मिरचीच्या तिखटाच्या इतिहासात आपण बुखोल्ट्स, थ्रेश, स्कोव्हिल, ज्यूलियस ही नावं मोजतो, आणि मोजायलाच हवीत. त्यांनी 'का' सांगितलं. पण 'कसं' हे आधी ज्यांनी शोधलं त्यांनी ते स्वतःच्या हातांवर प्रयोग करून शोधलं, आणि त्यांच्याच जागी बसलेल्या बायकांचे हात आजही उघडे आहेत. दोनशे वर्षांचं विज्ञान माझ्या गॅलरीपर्यंत आलं, सातऱ्यापर्यंत अजून पोचायचंय.

असो. तुमच्यापैकी ज्यांनी लॉकडाऊनमध्ये हौसेने मिरची लावली आणि ती अजून जिवंत आहे, त्यांच्यासाठी माझ्या डोळ्यांच्या किमतीत मिळालेलं थोडं शहाणपण:

मिरची ओढून काढू नका, छोट्या कात्रीने देठासकट कापा. ओढलं की मिरची फाटते किंवा फांदी तुटते. अख्ख्या मिरचीचा फारसा त्रास नसतो, कारण कॅप्सायसिन आत, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात तयार होतं. (बियांमध्ये नव्हे. बियांना ते नुसतं लागलेलं असतं.) त्यामुळे खरी सावधगिरी चिरताना हवी. नायट्राइलचे मोजे औषधाच्या दुकानात मिळतात, ते घाला, आणि काढताना बाहेरची बाजू हाताला न लावता उलटे करून काढा. मोजे नसतील तर आईचं तेल, आणि नंतर डाळीचं पीठ किंवा भांड्यांचं लिक्विड. सुरी, पाट, कात्री आणि नळाची तोटी पण धुवा. मिरच्या भाजताना किंवा कुटताना खिडक्या उघड्या ठेवा आणि ज्यांना दमा आहे त्यांना लांब बसवा. तोंडाला लागली तर दूध किंवा दही. त्यातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सायसिनला धुऊन काढायला मदत करतं. डोळ्यात मात्र तेल-दूध काही घालू नका. लेन्स असेल तर काढून फेकून द्या (काढायला दुसऱ्या कुणाचे तरी स्वच्छ हात बोलवा), साध्या पाण्याने बराच वेळ डोळा धूत राहा, आणि तरी थांबलं नाही तर सरळ डॉक्टर गाठा. आणि हो, लेन्स वापरत असाल तर मिरच्या खुडण्यापूर्वीच त्या काढून चष्मा लावा. ही ओळ मला आधी कुणी सांगितली असती तर हा लेख झाला नसता.

कालच्या शनिवारी झाडावर पुन्हा वीस-पंचवीस मिरच्या लाल झालेल्या दिसल्या. चष्मा लावला, मोजे घातले, कात्री घेतली. सगळ्या नीट काढल्या आणि त्यांचा फोटो आईला पाठवला.

तिचं उत्तर आलं, "मोज्यात बोटं जाड झाली असतील. वेळ किती लागला?"

वीस मिनिटं. पंचवीस मिरच्यांना वीस मिनिटं. वजनावर मजुरी असती तर त्या दिवशीचा चहासुद्धा सुटला नसता.